कपाटासमोर बसलेला साहेब

मित्रांनो, मी एक जुना रबरी चेंडू आहे. रंग लाल होता. आता दातांच्या खुणाच जास्त. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, मुलं खेळतील. पण पडलो एका बाईंच्या खिशात. बाई स्फोटकं हुंगून शोधणाऱ्या कुत्र्याबरोबर काम करायच्या. त्याला त्या ‘साहेब’ म्हणत.

रेल्वे स्टेशनात बॅगांची रांग लागे. साहेब हुंगत जाई. वास लागला की भुंकायचं नाही, पंजा लावायचा नाही; समोर नुसतं बसायचं. मग बाई “शाब्बास रे साहेब” म्हणत आणि मला त्याच्याकडे टाकत. त्याचा पगार तेवढाच. काही सापडलं नाही, तर बाई स्वतःच स्फोटकाच्या नमुन्याची डबी कुठेतरी लपवत. हात हलवत घरी गेला तर हिरमुसेल, म्हणत.

साहेब निवृत्त होऊन बाईंच्या घरी आला. वर्षभरात बाई आजारी पडल्या आणि गेल्या. त्यांचं कामाचं जाकीट कपाटात राहिलं, मी त्याच्या खिशात. त्यांच्या यजमानांना, म्हणजे काकांना, ते कपाट उघडवेना.

साहेब रोज कपाटासमोर बसू लागला. जेवणही अर्धवट टाकू लागला. “ती नाही यायची रे आता,” म्हणत काकाही शेजारी फरशीवर बसत. आत अंधारात मला बाईंच्या हाताची ऊब आठवे.

महिन्याने बाईंची कामावरची जोडीदारीण भेटायला आली.

“भाऊजी, हा कधीपासून असा बसतो?”

“ती गेल्यापासून. आठवण येते त्याला.”

“येत असेल. पण हे बसणं कामावरचं आहे. ताईंच्या जाकिटात नमुन्यांचा वास मुरलाय. सापडलं म्हणून महिनाभर सांगतोय तुम्हाला. शाब्बास तरी म्हणालात का?”

“मी आपला त्याच्याबरोबर रडत बसलो.”

काकांनी कपाट उघडलं. जाकिटात तोंड खुपसलं. मग खिशात हात घातला. “शाब्बास रे साहेब,” ते म्हणाले. साहेबाला तेवढं पुरलं. काकांनी मला फेकलं ते थेट चपलांच्या ढिगात. साहेबाने धावत जाऊन धरलं. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

मित्रांनो, कोणी गप्प बसलं असेल, तर आपलंच दुःख त्याच्यावर पांघरू नका. त्याला काय सांगायचंय ते बघा. आणि शाब्बासकी वेळेवर द्या. परवा काका जाकिटाची कॉलर सारखी करत होते. हळूच म्हणाले, “शाब्बास गं.” इतक्या वर्षांत बाईंना ते कधी म्हणाले नव्हते.