गाडी असेल तर हलवा

लिलाबाईचं पत्र दोन वर्षांपूर्वी रजिस्टर पोस्टानं आलं. तिचं घर माझ्या अंगणातून दिसतं, हाक मारली तर ऐकू जाईल. तरी तिनं ते कुणाकडून तरी लिहून घेऊन पोस्टात टाकलं होतं. "तुमची गाडी आमच्या खाचराच्या वाटेवर उभी आहे. गाडी असेल तर हलवा. घर असेल तर तसं लिहून द्या."

चाळीस वर्षं मी पुण्यातल्या छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्याच्या मजकुरातली चूक मला लगेच दिसते. या पत्रात एकही नव्हती, म्हणूनच उत्तर सुचेना. अकरा मसुदे केले आणि अकराही खोडून वहीत ठेवून दिले.

गाडी म्हणजे माझ्या पुतण्यानं, विकासनं, रिहे गावात माझ्या जागेवर आणून ठेवलेली कॅरॅव्हॅन. जीपमागे जोडून न्यायचं, दोन चाकांवरचं, पलंग-मोरीसकट घर. शनिवारी हिंजवडीची मंडळी त्यात राहायला येत. त्यांच्यासाठी पाटी होती, 'डोंगरकुशी कॉटेज'. सरकारी ऑफिसातून विचारणा झाली की मात्र ते वाहन होई, कारण वाहनाला बांधकामाची परवानगी लागत नाही.

"काका, तुम्ही वाचणारे," असं म्हणून विकासनं गाडीचं पुस्तक आणि चाकांची जबाबदारी माझ्याकडे दिली. पुस्तक मी तीनदा वाचलं. दर महिन्याला हवा मोजली. उन्हानं रबर तडकू नये म्हणून चाकांवर गोणपाट बांधलं. दर तीन महिन्यांनी गाडी थोडी पुढेमागे हलवावी, नाहीतर सगळं वजन टायरच्या एकाच जागेवर पडतं, असंही त्यात होतं. ते माझ्या एकट्याच्यानं होणार नव्हतं आणि विकासला सांगायचा धीर होईना. मग मी वहीत लिहीत गेलो, 'हलवणे – बाकी.' अशा आठ नोंदी आहेत. अक्षर सुवाच्य आहे. लिलाबाई मात्र या दोन वर्षांत डोक्यावर भारा घेऊन निसरड्या बांधावरून वळसा घालत होती, आणि ती दिसली की मी घरात जात होतो.

यंदा भातलावणीच्या दिवसांत ऑफिसचं पत्र आलं. गुरुवारी साहेब येतील, वाहन चालवून दाखवा. विकासनं मोरीचा पाइप सोडून केळीमागे लपवला, टायरना काळं पॉलिश लावलं आणि घोटावड्याहून पंक्चरवाल्या गनीला बोलावलं. गनीनं ओलं फडकं फिरवलं. पॉलिशखाली भेगाच भेगा. टायरवर तो बनवल्याच्या तारखेचे चार आकडे होते, ते मी वाचून दाखवले. बाविसावा आठवडा, सन सतरा.

"पण हे चाललेलेच नाहीत," विकास म्हणाला. "नवेच आहेत."

"उभा राहून बी टायर म्हातारा व्हतो, साहेब," गनी म्हणाला. तो टायरकडे बघूनच बोलत होता, अशी मी समजूत करून घेतली. "एक डाव धा-पंधरा फूट जाईल. पुन्यांदा हवा भराया मला बोलवू नका. तोंडावर फुटायचा."

गुरुवारी गावातल्या कैलासचा ट्रॅक्टर जोडला. गंजलेल्या चाकांनी असा आवाज केला की झाडावरचे बगळे उडाले. मग गाडी पंधरा फूट पुढे, माझ्याच पडीक तुकड्यात गेली. साहेबांनी फोटो काढला, कागदावर 'वाहन' लिहिलं आणि विकास त्यांना जीपपर्यंत पोचवायला गेला. मोकळ्या वाटेवरून लिलाबाई रोपांचा भारा घेऊन सरळ खाचराकडे निघाली. माझ्यापाशी थांबली.

"तात्या, तुमाला कागद धाडलावता. वाचाया येतंय न्हवं?"

"येतं," मी म्हणालो.

"मंग बरं," म्हणून ती गेली.

तेवढ्यात विकास लांबूनच ओरडला, "कैलास, ट्रॅक्टर सोडू नकोस! परत जागेवर लावायचीय. शनिवारी बुकिंग आहे, नळ तिकडंच आहे!"

मी चाकापाशी उकिडवा बसलो. वाल्वची पिन टोपणाच्या खाचेत धरून डावीकडे फिरवली की निघते हे पुस्तकात होतं, तरी मी दोनदा आठवून पाहिलं. पहिली पिन निघाली आणि हवा इतक्या जोरात सुटली की मी दचकून मागे बसलो. दुसऱ्या चाकाला कमी भ्यालो. दोन्ही पिना खिशात घातल्या.

"काका! हवा कुठं गेली?"

"मी सोडली," मी म्हणालो. "गाडी हलवायची होती, हलली. आता तिथंच राहू दे."

विकासनं कैलासकडे पाहिलं. कैलास ट्रॅक्टर सोडवत होता. "सपाट टायरवर न्हाई वढत मी," तो म्हणाला, "रिमा जातील." विकासनं गनीला फोन लावला. गनीनं तो उचलला नाही.

नवे टायर येतील तेव्हा येतील. तोवर काही तरी कागदावर हवं होतं. त्या संध्याकाळी मी बारावा मसुदा केला आणि तो खोडला नाही. "लिलाबाई यांस. गाडी आहे. हलवली. जागा माझी, वाट तुमची. पुन्हा कुणी आडवी लावली तर हा कागद दाखवा. उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल क्षमस्व." खाली सही केली.

सकाळी घोटावड्याच्या पोस्टात गेलो. खिडकीतल्या बाईंनी पत्ता वाचला. "आजोबा, ही तर तुमच्या शेजारचीच दिसतेय. हातात का देत नाही?"

"पोच हवी," मी म्हणालो. "रजिस्टर करा."

"रजिस्टर बंद झालं. आता स्पीड पोस्टानंच जाईल."

मी मान हलवली आणि पावती नीट घडी करून वाल्वच्या पिनांशेजारी खिशात ठेवली.