वाऱ्याचं वेळापत्रक

विनुताने थर्मामीटरच्या टोकाला गुंडाळलेली वात वाटीतल्या पाण्यात पुन्हा भिजवली, जराशी थांबली आणि शेजारच्या कोरड्या थर्मामीटरशी आकडा ताडून पाहिला. फरक नऊ अंशांचा. हवा कोरडीच होती; दमट झाली असती तर फरक घटला असता. पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. शाळेच्या गच्चीवर मार्चअखेरीचं ऊन अजून तापत होतं आणि बांबूला बांधलेली रेशमी पट्टी पश्चिमेच्या झुळकीने पूर्वेकडे हलत होती.

सातवीची एकवीस मुलं कठड्याच्या सावलीत दाटीवाटीने बसली होती. त्यांच्यापुढे एकच खुर्ची, सूर्यनारायण यांच्यासाठी. ते शाळेचे कॉरस्पॉन्डंट. शाळेचा सगळा कारभार त्यांच्या हाती. शुक्रवारचा हवामानाचा तास पुढच्या वर्षापासून बंद करून तिथे परीक्षेची तयारी घ्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

"टीचर, तंजावूरला समुद्र आहे का?" सोमवारी त्यांनी विचारलं होतं. "ऐंशी किलोमीटर लांब. समुद्राचा धडा पुस्तकातून शिकवला तरी पुरे."

विनुता कधी आवाज चढवत नसे. तेव्हाही तिने चढवला नाही.

"समुद्राचा वारा इथवर येतो, सार. शुक्रवारी पाच वीसला येईल. तुम्ही गच्चीवर या."

"आणि नाही आला तर?"

"तर तास तुमचा."

जिना उतरताना तिने हिशेब मनात पुन्हा एकदा करून पाहिला होता.

पाच वीस हा आकडा हवेतला नव्हता. ऊन चढलं की जमीन समुद्राहून लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत शिरते. पुस्तकात हे तीन ओळींत संपत होतं. विनुताच्या वर्गात ते सहा आठवडे चाललं होतं. विघ्नेशचा मामा नागपट्टिणमला, नंदिताची आत्या तिरुवारूरला, साईप्रियाची आजी शेषम्मा नीडामंगलमला. सगळी गावं तंजावूरच्या रेल्वेलाइनवरची. वारा फिरला की ज्याने त्याने टीचरना फोन करायचा, आणि मुलांनी फळ्यावर वेळ मांडायची. वारा तासाला पंधरा किलोमीटर चालतो, हे मुलांनीच काढलं होतं.

आजही फळा गच्चीवर आणला होता. नागपट्टिणम बारा पाच. तिरुवारूर एक चाळीस. दोन्ही नेहमीसारखे. त्याखाली नीडामंगलम: तीन वीसऐवजी तीन चाळीस. हा आकडा आला तेव्हा वर्ग खदखदून हसला होता.

"आजी जेवून लवंडली!" विघ्नेश म्हणाला होता.

विनुताही हसली होती, आणि आकड्यापुढे तिने एक प्रश्नचिन्ह काढलं होतं.

पाच वीस झाले. पट्टी पूर्वेकडेच होती. पाच पंचवीस. सूर्यनारायणांनी घड्याळ पाहिलं, खांद्यावरचं अंगवस्त्रम सावरलं आणि ते उठले.

"टीचर, मुलांनी मेहनत केली, ती दिसते आहे. पण—"

साईप्रिया उभी राहिली. ही मुलगी वर्गात हजेरीपलीकडे बोलत नसे. तिच्या घरी विनुताच्या घरासारखीच मराठी होती, पण तिला कळायची जास्त, बोलायची ती कमी. ती फळ्यापाशी गेली, प्रश्नचिन्हावर बोट ठेवलं आणि फक्त विनुताला ऐकू जाईल अशा आवाजात, मराठीत म्हणाली,

"आजी निजली नव्हती."

"कशावरून?"

"वारा येईतोवर ती शुक्रवारी जेवतच नाही. ओटीवर ओला टॉवेल हातावर घेऊन बसते. मी फोनवर बोलले ना, तर म्हणाली, भूक लागली गं, आज तुमच्या वाऱ्याला उशीर."

विनुता त्या प्रश्नचिन्हाकडे पाहत राहिली. दिसेल ते लिहा, हवं ते लिहू नका, हे सहा आठवडे तिनेच सांगितलं होतं. आणि आपल्या शब्दाआड आलेला एकच आकडा तिने एका म्हातारीच्या झोपेवर ढकलून दिला होता.

तिने डस्टर उचललं. सूर्यनारायणांच्या देखत आधी प्रश्नचिन्ह पुसलं, मग तंजावूरपुढचे स्वतःचे पाच वीस पुसले.

"चूक माझी, सार. वर्गाची नव्हे," ती म्हणाली आणि खडू साईप्रियापुढे धरला.

साईप्रियाने लिहिलं: पाच चाळीस.

"म्हणजे काय?" सूर्यनारायणांनी विचारलं.

विघ्नेशने नाक दाबून स्टेशनावरचा आवाज काढला. "नागपट्टिणमहून नीडामंगलममार्गे तंजावूरला येणारा वारा वीस मिनिटं उशिराने धावत आहे."

हसू दाबण्याचा सूर्यनारायणांचा प्रयत्न फसला. ते पुन्हा खुर्चीत बसले. "पाच चाळीस. त्यापुढे एक मिनिट नाही."

पाच चौतीसला पट्टी लोंबली. पाच अडतीसला ती बांबूला चिकटून गप्प होती. विनुताने थर्मामीटरकडे पाहायचंही टाळलं. पाच चाळीस झाले. सूर्यनारायणांनी खुर्चीच्या हातांवर तळवे टेकले.

मग राजवाड्यापलीकडचा एक माड हलला. त्याच्या अलीकडचा. मग शाळेच्या भिंतीलगतचा. पट्टी फडफडली, वर उचलली गेली आणि सरळ पश्चिमेकडे ताठ झाली.

"कडल कात्तु!" एकवीस गळ्यांतून एकच आरोळी उठली. समुद्राचा वारा! सूर्यनारायणांचं अंगवस्त्रम खांद्यावरून उडालं आणि अर्धा वर्ग त्याच्यामागे धावला. नंदिता थर्मामीटरवर वाकून ओरडत होती, "फरक सहा! टीचर, पाच!" विनुताने वेळ टिपली. पाच एकेचाळीस. पेन्सिलीचं टोक कागदावर मोडलं, इतकं तिने ते दाबलं होतं.

सूर्यनारायण पूर्वेला तोंड करून उभे होते. घामाने भिजलेला सदरा पाठीवर फुगला होता. बऱ्याच वेळाने ते फळ्याजवळ आले.

"माझं घर वल्लमला," ते साईप्रियाला म्हणाले. "इथून पश्चिमेला अकरा किलोमीटर."

साईप्रियाने बोटांवर हिशेब केला. या वेळी ती खणखणीत तमिळमध्ये, सगळ्या गच्चीला ऐकू जाईल असं बोलली.

"सहा पंचवीस, सार."

त्यांनी खिशातून फोन काढला आणि घरी बायकोला लावला.

"अगं, पूर्वेच्या खिडक्या उघड. आत्ता नको. सहा पंचवीसला. आणि वारा आला की मला कळव, घड्याळ बघून." पलीकडून काही विचारलं गेलं. "हो, दर शुक्रवारी," ते म्हणाले.

विनुताने खडू घेतला, तंजावूरखाली नवी ओळ ओढली, तिथे वल्लम लिहिलं आणि पुढची जागा मोकळी ठेवली.