रविवारच्या कोड्याची पाटी

मित्रांनो, माझ्यावर आजवर हजारो अक्षरं लिहिली गेली, पण त्यातलं एकही आता माझ्याजवळ नाही. मी एक म्हातारी पाटी आहे. खाणीतल्या कारागिराने छिन्नीने दगडाचा पातळ पापुद्रा सोडवला, घासून गुळगुळीत केला, सुताराने भोवती लाकडाची चौकट बसवली आणि मी जन्माला आले.

शाळेतल्या मुलांनी मला खूप वापरलं. मग वह्या आल्या आणि मी कपाटामागे पडले. तिथून मला प्रौढांच्या वर्गातल्या शिक्षिकेने काढलं आणि एका गोदामाच्या रखवालदारकाकांच्या हातात दिलं. काका अठ्ठावन्न वर्षांचे. पहिला 'अ' त्यांनी इतका दाबून काढला, की पेन्सिल मोडली. शेजारी बसलेला हमाल म्हणाला, "काका, अक्षर काढताय की कुलूप तोडताय?" सगळा वर्ग हसला. काकाही हसले, पण लगेच तळहाताने मला पुसून मोकळे झाले.

या वयात ते का शिकत होते, ते सांगते. त्यांची एकुलती एक लेक समुद्रापलीकडे राहत होती. तिची पत्रं कोपऱ्यावरचा शिंपी वाचून दाखवायचा. एकदा तिने लिहिलं, "बाबा, मला इथे फार एकटं वाटतं. मी रोज रडते." शिंप्याने तेही मोठ्याने वाचलं आणि दुकानातली गिऱ्हाइकं कान टवकारून ऐकत राहिली. काकांनी लेकीला सांगून टाकलं, "पत्र नको लिहूस गं, फोनच करत जा." कारण सांगितलं नाही. मग ते वर्गात आले. त्यांना वाचता येऊ लागलं, तेव्हा पत्रं केव्हाच बंद झाली होती. आणि आपण शिकलो, हे त्यांनी लेकीला सांगितलंच नाही.

वाचायला पत्र नाही, म्हणून ते दर रविवारी वाचनालयात जाऊन शब्दकोडं सोडवू लागले. तिथल्या पेपरावर लिहायला मनाई. ते माझ्यावर पट्टीने घरं आखायचे. पेपरातली काळी घरं माझ्यावर पांढरी व्हायची. सुटेल तेवढं सोडवायचे आणि उठताना पुसून टाकायचे. वहीतली चूक राहते, पाटीवरची कुणाला दिसत नाही, म्हणून त्यांना मीच बरी वाटायची. अशी तीन वर्षं गेली. कोडं एकदाही पुरं झालं नाही, आणि कुणी ते बघायलाही आलं नाही.

एका रविवारी कोडं मोठं गमतीचं होतं. प्रत्येक उत्तर उलटं वाचलं तरी तेच. जहाज, कडक, नवीन, नयन. एक मात्र अडलं. 'गाल लाल, अंगात पाणी', घरं तीन. काका बराच वेळ पेन्सिल चावत बसले आणि एकदम ओरडले, "टोमॅटो!"

ग्रंथपालबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "अहो, इथे भाजी मिळत नाही."

त्या दिवशी माझं एकही घर रिकामं राहिलं नाही. मला काखेत धरून काका व्हरांड्यात गेले, तोच लेकीचा फोन आला.

"बाबा, जेवलात? गोळ्या घेतल्यात?"

"घेतल्या. अगं, आज कोडं सुटलं. पेपरातलं. अख्खं!"

ती हसली. "कुणी वाचून दाखवलं तुम्हाला?"

काकांची बोटं माझ्या चौकटीवर घट्ट झाली. "शिंप्याने," ते म्हणाले.

फोन ठेवून त्यांनी बाहीने मला पुसलं. मित्रांनो, मला आजवर पुष्कळांनी पुसलं, पण इतकी कोरी मी कधी झाले नव्हते.

बाई दारात उभ्या होत्या. "पुसलंत? मला बघायचं होतं. आणि शिंपी कधी आला होता हो इथे?"

काका खाली बघत म्हणाले, "लिहिता-वाचताना चुकलो तर हसेल हो ती."

"हसू दे की! बापाला नाही हसायचं तर कुणाला?" असं म्हणून बाईंनी त्यांच्यापुढे कागद आणि पेन ठेवलं.

काकांनी पत्र आधी माझ्यावर लिहिलं. चौकोनाबाहेर त्यांची अक्षरं वर चढायची, म्हणून पत्रालाही त्यांनी घरंच आखली. एका घरात एक अक्षर. "शिंपी नव्हता. मीच वाचतो. तुझी" एवढं लिहून त्यांनी पुढे चार घरं आखली आणि थांबले. 'आठवण' त्यांना लिहिता येत होतं. पण जन्मात कधी ते तोंडाने म्हटलं नव्हतं, मग हातून तरी कसं उतरणार? ती चार घरं रिकामीच ठेवून त्यांनी पुढे "येते" लिहिलं, सगळं तसंच कागदावर उतरवलं आणि पत्र पाठवून दिलं.

सहा रविवार गेले. फोन यायचे, पण त्यात जेवण आणि गोळ्याच असायच्या. पत्राबद्दल लेक बोलत नव्हती आणि काका विचारत नव्हते. कोडंही ते आखत नव्हते. मला मांडीवर घेऊन नुसते खिडकीबाहेर बघत बसायचे.

सातव्या रविवारी ते एक पाकीट घेऊन आले. आत त्यांचाच कागद होता. चार रिकाम्या घरांत लेकीने निळ्या शाईने भरलं होतं: आ, ठ, व, ण. खाली एक ओळ होती. "बाबा, हे फारच सोपं होतं. पुढचं अवघड पाठवा."

काकांनी ती ओळ स्वतः वाचली. मग बाईंना मोठ्याने वाचून दाखवली.

तेव्हापासून ते थेट कागदावर लिहितात. चुकलं तर नुसती रेघ मारतात आणि चूक तशीच दिसू देतात. पुसणारी पाटी त्यांना आता लागत नाही. बाईंनी मला भिंतीवर खिळ्याला टांगलं आहे. काका दर रविवारी येतात, हातातली पिशवी त्याच खिळ्याला माझ्यावर अडकवतात आणि लेकीसाठी कोडं रचायला बसतात.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. कुणी म्हातारं माणूस एकटं काही लिहीत बसलेलं दिसलं, तर त्याने ते पुसायच्या आत जवळ जा आणि म्हणा, "दाखवा की, काय लिहिलंय!" आणि कधी त्या वाचनालयात आलात, तर खिळ्यावरची पिशवी जराशी बाजूला करा. तिच्यामागे मी आहे.