मुलाची चौकशी

कराक गावाहून आलेल्या पत्राला आज एकेचाळीस दिवस झाले होते आणि नझीहने अजून उत्तर पाठवलं नव्हतं. कुणी विषय काढला, की पत्र कुठे ठेवलंय ते आठवत नाही, असं तो सांगे.

"कोटाच्या आतल्या खिशात आहे," भांडी विसळता विसळता त्याची बायको इनाम म्हणाली. "तीनदा कोट झटकला मी. तीनदा वाचलं."

"मग बोलली नाहीस ती?"

"तुमचं घाबरून कधी संपतंय, ते बघत होते."

पत्र लुबनासाठी सांगून आलेल्या सुहैबच्या वडिलांचं होतं. ते जुने शिक्षक. सोयरिकीच्या गोष्टी फोनवर बोलू नयेत, असं त्यांचं मत. त्यांनी लिहिलं होतं, की मुलापुढे दोन वाटा आहेत. दोहाच्या एका कंपनीत ऑफिसातली खुर्ची मिळते आहे. नाहीतर आता करतो तेच, आपल्याच गावी, सल्टमध्ये भाड्याच्या खोलीत बसून परदेशातल्या कंपनीचं काम. मुलीचे वडील म्हणून आपल्याला कोणतं पसंत, ते कळवावं. तो तसं करील, आणि मग आम्ही वडीलधारी मंडळी घेऊन मागणी घालायला येऊ.

दोहा म्हणजे लुबना गेलीच. एकुलती एक लेक. पण खोली म्हणजे तरी काय? मुलगा कसा आहे, हे त्याच्या कामाच्या जागी जाऊन विचारायचं असतं. शिपायाला विचारायचं, चहावाल्याला विचारायचं, शेजारच्या टेबलावरच्याला विचारायचं. दार लावून एकटाच बसतो त्याच्याबद्दल कुणाला विचारणार?

ही चौकशी कशी चालते ते नझीहइतकं कुणाला ठाऊक नसेल. एकतीस वर्षं तो पाणीपट्टीच्या ऑफिसात दाराजवळच्या टेबलावर बसला होता. मुलींचे बाप आत शिरले की आधी त्याच्याचपाशी थांबत.

"जा की आता," इनाम म्हणाली. "एकेचाळीस दिवसांत माणूस चालत मक्केला पोचला असता. तुम्हाला दोन गल्ल्या चढवत नाहीत."

तो गेला. पायऱ्या चढून सुहैबच्या घराखाली उभा राहिला. वरच्या खिडकीची झडप ओढलेली होती आणि आतून एका लयीत इंग्रजी बोलणं ऐकू येत होतं. वर जाऊन दार वाजवावं, असं त्याने मनाशी ठरवलं, पण खिडकीकडेच बघत राहिला.

"कुणाकडे रे?" खालच्या मजल्यावरची म्हातारी उम्म खलफ उंबऱ्यात बसून मसाल्यासाठी झातरच्या काड्यांवरून पानं ओरबाडत होती.

"कुणाकडे नाही. पाय दुखले म्हणून थांबलो."

"मुलीचा बाप दिसतोस. पाय दुखणारे खाली बघतात, तू वर बघतोयस. बस. विचार."

नझीह पायरीवर बसला. "मुलगा कसा आहे?"

"दोन वर्षं माझ्या डोक्यावर राहतोय. खुर्ची सरकली तरी मला कळतं. बोलणं समजत नाही, पण आवाज समजतो. पलीकडचे ओरडायला लागले, की ह्याचा आवाज खाली येतो. मग सगळं बंद करतो आणि भिंतीवर मूठ मारतो."

"मूठ?"

"एकच. मग खाली येऊन विचारतो, खाला, पाव आणायचाय का? गेल्या वर्षात दोनदा झालं असं. खोटं नाही सांगणार तुला."

"आज भिंतीवर मारतो, उद्या..."

"उद्याचं मला काय विचारतोस? मी फक्त खाली राहते." तिने पानं झटकली. "आणि तुझी पोरगी? तिला राग आला की ती काय करते? तिच्या खाली कोण राहतं?"

नझीह उठला. पायऱ्या उतरून तो घरी आला.

संध्याकाळी लुबना औषधाच्या दुकानातल्या कामावरून आली. तो तिला म्हणाला, "बस जरा." आणि जे कधी इनामलाही सांगितलं नव्हतं, ते त्याने तिला सांगितलं.

"ममदूह म्हणून होता आमच्या ऑफिसात. एका मुलीचा बाप त्याची चौकशी करायला आला. माझ्याचकडे आला. गोदामातल्या म्हाताऱ्या हमालाच्या त्याने कानाखाली मारलेलं मी पाहिलं होतं. तरी मी म्हणालो, चांगला मुलगा आहे, वेळेवर येतो."

"मग?"

"आठ महिन्यांनी ती माहेरी आली. मनगट मोडलेलं. अकराजण होतो आम्ही ऑफिसात, लुबना. अकराहीजणांनी तेच सांगितलं होतं."

लुबनाने विचारलं, "तिचं नाव काय होतं, बाबा?"

"विचारलं नाही मी."

आत इनामने नळ बंद केला.

"मुठीचं मला माहीत आहे," लुबना म्हणाली. "डोकेदुखीच्या गोळ्या न्यायला येतो, तेव्हा त्यानेच सांगितलं. शरमला होता."

"भीती नाही वाटत तुला?"

"वाटते की. पण दोहात जास्त वाटेल. तो दिवसभर ऑफिसात, मी पंधराव्या मजल्यावर. तिथं माझं कुणाला ऐकू येणार?"

त्या आठवड्यात त्याने चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं: 'दोहा नको. इथूनच काम करावं. लग्नानंतर घर आमच्या गल्लीत, भिंतीला भिंत लागून घ्यावं. आपल्या मुलाच्या मुठीबद्दल मी ऐकलं आहे. आपण मंडळींसह आलात, की होकाराची कॉफी पिण्याआधी सर्वांसमोर त्याला त्याबद्दल विचारणार आहे. ऐनवेळी माझी हिंमत होत नाही, हा माझा जुना दोष आहे. म्हणून आधीच लिहून कळवतो. मी गप्प बसलो, तर आपण मला आठवण करून द्यावी.'

सकाळी पोस्टाच्या पेटीपाशी त्याने पाकीट फटीत अर्धं सरकवलं आणि धरून ठेवलं. मागे एक बाई येऊन उभी राहिली.

"काका, टाकताय ना?"

त्याने बोटं सोडली. पेटी रिकामी असावी; पाकीट तळाला आपटल्याचं स्पष्ट ऐकू आलं. बाईला जागा द्यायला तो बाजूला झाला, आणि तिचंही पत्र आत पडेपर्यंत तिथेच उभा राहिला.