मामावर गेला

रोशनच्या हातून जेवणाचं ताट सुटलं तेव्हा हंसाताई म्हणाली, "मामावर गेला हा. मी आधीपासनं सांगतेय."

सतरा वर्षांचा रोशन वाकला आणि भात गोळा करायला लागला, तर त्याचा उजवा हात मनगटातून आतल्या बाजूला वळला आणि तसाच राहिला. त्याने डाव्या हाताने तो धरून सरळ केला आणि आईकडे बघून हसला. त्याला ऐकू येत नव्हतं, त्यामुळे आत्या काय म्हणाली ते त्याला कळलं नाही. सुगंधाला, त्याच्या आईला, कळलं. हे असं वळणं तिने आधी बघितलं होतं.

नवघर गावातलं हे घर एकेकाळी मिठागरवाल्यांचं. आता मिठागर राहिलं नाही, घराच्या चारी बाजूंना टॉवर आलेत, आणि सुगंधाचा नवरा अमृत काशीमीऱ्याला गॅरेजवाल्यांना गाळे भाड्याने देतो. हंसाताई अमृतची मोठी बहीण. नवरा वारल्यापासून ती इथेच असते आणि घरात तिचा शब्द चालतो.

सुगंधाचं माहेर भाईंदर पश्चिमेकडच्या डोंगरी गावातलं. तिथे तिचा मोठा भाऊ होता, उत्तम. तोही रोशनसारखाच चांगला बोलायला लागलेला आणि मग तीन-चार वर्षांचा असताना त्याचे कान गेले. वयात आल्यावर हात वाकडे व्हायला लागले, मग मान एका खांद्यावर कलली ती कललीच. शेवटी शेवटी त्याला दिसेनासं झालं. घरी पाहुणे आले की उत्तमला मागच्या दाराने पडवीत न्यायचे आणि बाहेरून कडी लावायचे. सुगंधाच्या लग्नातही तो पडवीतच होता. नंतर थोड्याच दिवसांत गेला. आजाने वेताळाच्या जागेतलं झाड तोडलं म्हणून असं झालं, असं गाव म्हणायचं. घरातले म्हणायचे, जिजाबाईने, म्हणजे सुगंधाच्या आईने, गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही म्हणून. जिजाबाईने कधीच काही उत्तर दिलं नाही.

रोशनचे कान गेले तेव्हा सुगंधाने कानाचे डॉक्टर केले. मशीन घेतली. मशीनचा काही उपयोग झाला नाही, आणि लोक म्हणत राहिले की आईच नीट लावून देत नाही. रोशन मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत खुणा शिकला, मोबाइलवर मराठी टाइप करायला शिकला, गावातल्या क्रिकेट टूर्नामेंटचे बॅनर कम्प्युटरवर करून द्यायला लागला. सुगंधाला वाटलं होतं, एवढंच असेल. आता हात.

या वेळी तिने हंसाताईला विचारलं नाही. ती रोशनला घेऊन मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात गेली. मेंदूच्या डॉक्टरने तपासलं, मामाबद्दल विचारलं, आणि रक्त तपासायला पाठवलं. निकाल आला तेव्हा त्यांना दिव्या नावाच्या मॅडमकडे बसवलं. घराण्यात चालत येणारे आजार समजावून सांगणं हे त्यांचं काम. अमृत कोपऱ्यातल्या खुर्चीत मोबाइल हातात घेऊन बसला.

"शरीरातल्या प्रत्येक पेशीत शक्ती तयार करणाऱ्या छोट्या छोट्या पिशव्या असतात," दिव्या मॅडम म्हणाल्या. "मायटोकॉन्ड्रिया म्हणतात त्यांना. नाव विसरलात तरी चालेल. प्रत्येक पिशवीला दोन पडदे असतात, एक बाहेरचा, एक आतला. काम चालवायला लागणारी जवळपास सगळी प्रथिनं पिशवीच्या बाहेर बनतात. त्यांना आत जावं लागतं."

"कशी जातात?"

"बाहेरच्या पडद्यात बारीक दारं असतात. तिथे ओळख पटली तरच आत घेतात. आणि दार एवढं अरुंद की गोळा होऊन कोणी जाऊ शकत नाही. सुतासारखं उलगडून, एका टोकाने आत सरकावं लागतं."

सुगंधा कागदावरची आकृती बघत होती. "मग रोशनचं दार बंद हाय?"

"नाही. दार चांगलं आहे. प्रथिनं आत येतात. पण काहींना पुढे आतल्या पडद्यापर्यंत जायचं असतं, आणि दोन पडद्यांच्या मधल्या जागेत ती एकमेकांत अडकून बसू शकतात. म्हणून तिथे मदतनीस असतात, त्यांना धरून पुढे नेणारे. त्यातला एक मदतनीस रोशनच्या शरीरात बनतच नाही."

"मग बाकीचं अंग कसं चालतं त्याचं? जेवतो, चालतो, अभ्यास करतो."

दिव्या मॅडम म्हणाल्या, "तेच अजून पूर्ण कळलेलं नाही. कानाच्या नसा आणि मेंदूतला हालचाल सांभाळणारा भाग, एवढ्यांनाच आधी फटका का बसतो, ते शोधतायत लोक."

कळलेलं नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं, म्हणून सुगंधाचा त्यांच्यावर विश्वास बसला. तिने पुढचा प्रश्न विचारला. अमृतने मोबाइलवरून मान वर केली.

"हे माझ्याकडनं आलं का?"

"हो. तुमच्याकडे या जीनच्या दोन प्रती आहेत. एक बिघडलेली, एक चांगली. चांगलीवर तुमचं काम चाललं. मुलग्याला मात्र एकच मिळते, तीही आईकडून, दोनपैकी कोणतीही. रोशनला बिघडलेली मिळाली. तुमच्या भावालाही तुमच्या आईकडून तीच मिळाली असणार."

"मी काय खाल्लं, काय केलं..."

"काहीच नाही. कोणाच्या करण्या-न करण्याने होत नाही हे." मग त्या म्हणाल्या, "तुम्हाला बहीण आहे म्हणालात. तिला, तिच्या मुलीला सांगायला हवं. त्यांच्यातही असू शकतं. साधी तपासणी आहे. करायची की नाही ते त्यांनी ठरवावं, पण माहीत तरी असावं."

यावर औषध नाही, हेही त्यांनी सांगितलं. हाताला आणि मानेला इंजेक्शनने आराम मिळेल. पुढे नजर कमी होईल, कधी ते सांगता येत नाही.

घरी आल्यावर अमृतने सगळं बहिणीला सांगितलं. हंसाताईने टाळी वाजवली. "बघ! डॉक्टर पण तेच बोलला. तुझ्या माहेरचं हाय. आमच्या खानदानात कोणी असं न्हाय."

इतकी वर्षं सुगंधा या वाक्याला घाबरत आली होती. आणि ते खरं निघालं होतं. हॉस्पिटलमधून येताना तिला वाटलं होतं की हे ऐकलं की आपण रडू. पण रडू आलंच नाही, राग आला.

"हो, माझ्याकडनं आलं," ती म्हणाली. "त्याचे डोळे पण माझ्याकडनं आलेत. चित्र काढायचा हात पण माझ्याकडनं. तेव्हा कोणी बोललं न्हाय की सुगंधाच्या माहेरचं हाय. मी चोरी केली न्हाय, हंसाताई. माझ्यात होतं, मला माहीत नव्हतं. आता माहीत झालंय. परत टोमणा म्हणून बोललात तर मी ऐकून घेणार न्हाय."

हंसाताई भावाकडे बघायला लागली. अमृत चप्पल घालून बाहेर निघून गेला. पण रात्री जेवताना तो हळूच म्हणाला, "डोंगरीला आता काय बोलू नकोस. मनालीची हळद तोंडावर आलीये."

मनाली म्हणजे सुगंधाच्या बहिणीची, शेवंतीची मुलगी. शेवंतीचा नवरा घरजावई, त्यामुळे ती सगळी डोंगरीलाच. मनालीचं लग्न भूपेश नावाच्या मुलाशी ठरलं होतं.

"म्हणूनच आता बोलायला पाहिजे," सुगंधा म्हणाली.

तिचा धाकटा भाऊ कुलदीप याचाही फोन आला. त्याला अमृतनेच कळवलं असणार. "बाय, लग्न होऊ दे. मग ये, दोन दिवस रहा, काय बोलायचं ते बोल."

"लग्नानंतर बोलून काय उपयोग? पोरगी मला विचारेल, मावशी, तुला माहीत होतं ना?"

"उत्तमचं नाव काढलंस तर मोडेल सगळं."

तिने फोन ठेवला. रोशन समोर बसून तिचा चेहरा वाचत होता. त्याने मोबाइलवर टाइप करून दाखवलं: उत्तम मामाला पण हेच होतं?

तिने मान डोलावली.

त्याने पुन्हा टाइप केलं: मी पण येणार डोंगरीला.

रविवारी दोघं भाईंदर पश्चिमेला जाऊन बसमध्ये बसले. रोशनची मानही आता एका बाजूला ओढायला लागली होती, त्या दिवशी जास्तच. समोरच्या सीटवरची बाई वळून वळून बघत होती. शेवटी तिने हिंदीत विचारलं, "क्या हुआ है बच्चे को?" सुगंधाने सांगितलं, "बीमारी है. आप उसको ही पूछो ना, मोबाइल पे लिखता है." बाई पुढे तोंड करून बसली.

माहेरच्या दारात कुलदीप उभाच होता. अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते.

"आलीसच," तो म्हणाला. "बरं, ऐक. डेकोरेशनवाला येतोय, भूपेशकडचे पण कोणी टपकतील. रोशनला मागनं घे. पडवीत फॅन लावून ठेवलाय मी."

फॅन लावून ठेवलाय, हे त्याने अगदी मायेने सांगितलं. भाऊ वाईट नव्हता. लहानपणी उत्तमला जेवण घेऊन तोच पडवीत जायचा.

"माझा पोर मागनं जाणार न्हाय, कुलदीप."

"बाय, समजून घे..."

"तू समजून घे. उत्तमदादाला आपण कडी लावायचो. तो आतनं दार वाजवायचा, आणि आपण पाहुण्यांना सांगायचो मांजर हाय. मना आठवतं. तुला न्हाय आठवत?"

कुलदीपने मान खाली घातली. तोवर रोशन त्याच्या बाजूने पायऱ्या चढून गेला होता. आता एक पायही आत वळत होता, म्हणून भिंतीला हात लावत लावत, पण पुढच्याच दाराने. हॉलमध्ये जाऊन तो मोठ्या सोफ्यावर बसला आणि आजीकडे बघून हात जोडले.

शेवंती, मनाली, जिजाबाई, सगळ्या तिथेच हळदीच्या साड्या बघत बसल्या होत्या. सुगंधाने उभ्यानेच सांगायला सुरुवात केली, कारण बसली असती तर तिचा धीर गेला असता. दोन पडदे, अरुंद दार, अडकलेली प्रथिनं, नसलेला मदतनीस. तिला जसं समजलं होतं तसं. मग म्हणाली, "शेवंते, हे तुझ्यात असू शकतं. मनालीत असू शकतं. नसेलही. तपासून घ्या."

शेवंती उठली. "जळतेस तू. तुझं घर बसलं, आता माझं बसवायला आलीस."

"गप बस," जिजाबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. म्हातारीचा आवाज या घरात कधी चढलेला कोणाला आठवत नव्हता.

"सुगंधे," ती म्हणाली, "मना एक सांग. गिराणात मी इली हातात घेतली व्हती, भाजी चिरली व्हती. त्याच्यानं न्हाय झायला?"

"न्हाय, आये. त्याचा काय संबंध न्हाय. तुझ्यात होतं, तुझ्या आईत पण असेल. तू काय केलं न्हायस."

जिजाबाईने मांडीवरच्या पिवळ्या साडीची किनार चिमटीत धरली. मग कुलदीपला म्हणाली, "तुजी आजी मरेपर्यंत मना बोलली, तुज्या हातानं लेकरू बिगरवलंस. तुजा बापूस बोलला. मी ऐकलं. माजे पोराचं नाव पन घेऊ दिलं न्हाय कोनी." मग ती एकदम मोठ्याने, समोरच्या रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्याने म्हणाली, "उत्तम! उत्तम नाव व्हतं त्याचं!"

बाहेर बांबू उतरवणारी माणसं आत डोकावली. कुलदीप दार लावायला गेला, तर म्हातारीने हाताने थांबवलं. "ऱ्हाऊ दे उघडं."

मनालीने हातातली साडी बाजूला ठेवली. ती मीरा रोडला एका बँकेत काम करायची, शांत मुलगी. तिने विचारलं, "मावशी, टेस्ट कुठे करायची?"

शेवंती रडायला लागली. मनालीने तिला पाणी दिलं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला.

तपासणीत मनालीतही तेच निघालं. तिने भूपेशला मीरा रोड स्टेशनजवळच्या हॉटेलात बोलावलं आणि सगळं सांगितलं. मूल व्हायच्या आधी काय काय करता येतं तेही सांगितलं, ते ती दिव्या मॅडमकडून समजून घेऊन आली होती. भूपेश म्हणाला, घरी विचारतो. आठवड्याने त्याच्या घरून निरोप आला की पत्रिकेत दोष निघालाय, राग मानू नये.

कुलदीपने सुटकेचा निःश्वास टाकला. पत्रिका म्हणजे अब्रू वाचली. पण मनालीने नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलं: "पत्रिकेत काही नाही. माझ्या रक्तात एक बिघाड आहे. तो मीच त्यांना सांगितला, म्हणून लग्न मोडलं. आजीकडून आईत, आईकडून माझ्यात आलाय, मावशीतही आहे. आपल्या घरातल्या कोणाला विचारायचं असेल तर मला विचारा, माझा नंबर आहेच." खाली सगळ्यात आधी उत्तर आलं ते रोशनचं. त्याने टाळ्यांची भलीमोठी रांग पाठवली.

शेवंतीने बहिणीशी बोलणं टाकलं ते आजतागायत. सुगंधाला ते लागतं, पण तिने माफी मागितली नाही. मनाली मात्र सुट्टीच्या दिवशी नवघरला येते. परवा आली तेव्हा नवीन स्थळाबद्दल सांगत होती.

"आता मी पहिल्या चहालाच सांगून टाकते, मावशी. ज्याला उठायचं असेल त्याने चहा पिऊन उठावं."

"आणि हा उठला का?"

"दुसरा कप मागितला. बघू."

इंजेक्शनने रोशनची मान बरीच सैल झाली आहे. हात तसाच वळतो. नजरेचं त्याला सुगंधाने स्वतः सांगितलं, लपवलं नाही. तो दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. तिसऱ्या दिवशी उठला आणि त्याने टाइप केलं: जाणारच असेल तर आधी सगळं बघून घेतो. तेव्हापासून तो एकटा फिरतो. उत्तनच्या किनाऱ्यावर जातो, घोडबंदरला जातो, खाडीवर जाऊन बगळ्यांचे फोटो काढतो. दोनदा पडून गुडघे फोडून आला.

आज सकाळी तो निघाला तेव्हा हंसाताई म्हणाली, "अशा पोराला एकटं सोडतेस? परत पडला म्हणजे?"

"पडला तर उठेल," सुगंधा म्हणाली. "न्हाय उठला तर कोणी तरी उचलेल. पण घरात बसवून ठेवणार न्हाय मी त्याला."

अमृत अंगणात स्कूटर पुसत होता. त्याने फडकं टाकलं, फाटकापर्यंत जाऊन शेअर रिक्षाला हात केला, आणि रोशन आत नीट बसेपर्यंत रिक्षावाल्याला थांबवून धरलं.