वाकडा ळ

“हे सगळं पुसून टाकायचं, पेंटरकाका,” मुलांच्या वॉर्डातल्या भिंतीकडे हात करत मोठ्या सिस्टर म्हणाल्या. “खेळघर, जेवणघर, सगळ्या पाट्या. साधी अक्षरं काढा. लोक वैतागलेत या कॉम्प्युटरच्या अक्षरांना.”

पेंटरला वाटलं, आपल्याच ऐकण्यात काहीतरी चुकलं. “कॉम्प्युटरची कुठली, सिस्टर? ही मी काढलीत. सव्वीस वर्षं झाली. शिडीवर उभं राहून, हाताने.”

“असतील हो. पण दिसतात तशीच ना?” सिस्टर नुकत्याच बदली होऊन आल्या होत्या. बोलण्यात कुचकेपणा नव्हता, नुसता थकवा होता. त्यांनी पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला. “हे बघा. आमच्या ह्यांना कामावरून कमी केल्याचं पत्र. वाढदिवसाचं आमंत्रण वाटतं की नाही? खाली शवागाराच्या दारावर पण हेच. घरचं माणूस गेलेले लोक तिथे उभे असतात, आणि अक्षरं आपली खिदळतायत. डोकं उठतं माझं.”

पेंटरने चष्मा लावून कागद जवळ धरला. ‘आपणास कळवण्यात येते की...’ फुगीर पोटाची, गोल टोकांची अक्षरं. आणि तो ळ. एक वाटी मोठी, दुसरी चिमुकली.

ती चूक त्याची होती. त्याची मुलगी सहा वर्षांची असताना याच वॉर्डात दोन महिने होती. दाराकडे बघून रडायची, म्हणून डॉक्टरांची परवानगी काढून त्याने तिला हसू येईल अशी अक्षरं भिंतीवर काढली. ‘खेळघर’ लिहिताना ती मागून “बाबा!” म्हणून किंचाळली आणि कुंचला निसटला. दुरुस्त करायला गेला तर ती म्हणाली, “राहू दे. त्याचं पण पोट दुखतंय.” मुलगी बरी होऊन घरी गेली. ळ तसाच राहिला. त्यानंतर तशी अक्षरं त्याने दुसरीकडे कुठेच काढली नाहीत. दुकानदार मागे लागत, तरीही.

आता या पत्रात सात ळ होते आणि सातही तसेच निसटलेले.

चार वर्षांपूर्वी धाकटा भाऊ कॅमेरा घेऊन इथे आला होता. “दादा, भिंत कधी पाडतील सांगता येत नाही. आठवण म्हणून फोटो काढून ठेवतो,” म्हणाला होता. शिडी पेंटरनेच धरली होती.

तो तडक भावाच्या छपाईच्या दुकानात गेला. धाकट्याने कागद बघितला आणि क्षणभर खुर्ची पुढे सरकवण्यात वेळ काढला.

“बस ना, दादा. वहिनी बरी आहे?”

“हे तू केलंस?”

“फॉन्ट केला त्याचा. अरे, सगळीकडे चालतोय! तुझी अक्षरं घराघरात गेली. आनंद व्हायला हवा तुला.”

“नाव काय आहे त्याचं?”

धाकट्याने दुकानाच्या पाटीकडे बघितलं. फॉन्टला दुकानाचंच नाव होतं.

“तुला विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाला असतास,” तो हळूच म्हणाला.

“म्हणजे तुला माहीत होतं.”

लहानपणी धाकट्याचा हात हातात धरून पेंटरने त्याला अ गिरवायला शिकवला होता. तोच हात आता टेबलावरचे सरळ कागद पुन्हा सरळ करत होता.

“लोक शिव्या घालतात त्याला,” पेंटर म्हणाला. “आणि बरोबरच आहे त्यांचं. ती अक्षरं एका पोरीला हसवायला काढली होती रे. ती शवागारावर नेऊन बसवलीस तू.”

“मी कुठे बसवली? कोण कुठे वापरेल ते माझ्या हातात आहे का?”

“माझ्या हातात होतं,” पेंटर म्हणाला आणि उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो वॉर्डात आला. सिस्टर कचरल्या. “काका, तुम्हाला नको वाटत असेल तर दुसऱ्या कुणाला बोलावते.”

“नको. कसंही खरवडतील.”

त्याने सगळी भिंत घासली, पांढरा हात मारला. तो वाळल्यावर पट्टी लावून रेषा आखल्या आणि काळ्या रंगात, सारख्या जाडीची, सरळ अक्षरं काढली. खेळघरच्या ळ च्या दोन्ही वाट्या त्याने कंपासने मोजून घेतल्या.

दुपारी सिस्टर बघायला आल्या. “छान. स्वच्छ दिसतंय. कुणी काढलंय असं वाटतच नाही.”

“तसंच काढलंय,” पेंटर म्हणाला.

रंग अजून ओला होता आणि भेटायला येणाऱ्यांची वेळ झाली होती. त्याने एक स्टूल ओढून भिंतीला लावलं, आणि कुणाचा खांदा घासू नये म्हणून, मांडीवर हात ठेवून, अक्षरांकडे पाठ करून तिथे बसून राहिला.