बांधदेवाचा वाटा

पनवेलच्या खाडीकाठी चांगोच्या मिठाला तोड नव्हती. बाजारात त्याचं मीठ आलं की वाणी म्हणायचे, "हे चांगोचं. निवडायला नको." चांगो हे ऐकायचा आणि मिशीतल्या मिशीत हसायचा. स्तुती ऐकायला कुणाला आवडत नाही? त्याला तर जरा जास्तच आवडायची.

आणि चांगो दारू पीत नव्हता. असं तो स्वतः म्हणायचा. पीत होता तो बांधदेव.

त्याचं असं होतं. मिठागराच्या बांधावर शेंदूर फासलेला एक दगड होता. माघात मीठ धरू लागलं की पहिली रास ओढायच्या आधी त्या दगडावर दारूची धार सोडायची आणि धार सोडणाऱ्याने उरलेल्यातला घोटभर प्रसाद घ्यायचा, ही गावाची जुनी रीत. मान चांगोच्या घराचा. सरकारने दारूबंदी केली, तरी देवाला कायदा कोण सांगणार? तिवरांच्या झाडीमागे तुळशीरामची भट्टी होती, तिथून बाटली यायची. आता वर्षातून एकदाच देवाला आठवायचं हे चांगोला बरं वाटेना. म्हणून तो अवसेला धार सोडू लागला. मग सोमवारी. मग त्याच्या लक्षात आलं, की माणूस रोज जेवतो आणि देवाला मात्र उपास! त्या दिवसापासून देवाला रोज टोपणभर आणि चांगोला बाटलीभर असा नेम सुरू झाला. इतका भाविक माणूस पंचक्रोशीत नव्हता.

त्या साली फाल्गुनात चांगोचं मीठ काळं पडलं.

मीठ ओढणं हे बघायला सोपं काम. वाफ्यात बोटभर पाणी, त्याखाली मिठाचा थर, आणि त्याखाली पायांनी तुडवून तुडवून घट्ट केलेला चिखलाचा तळ. लांब बांबूला लावलेली लाकडी फळी मिठावरून अशी ओढायची, की मीठ काठाला यावं आणि तळाला कळूही नये. फळी जरा दबली की चिखल वर येतो, आणि रास मिठाची न दिसता राखेची दिसते. चांगोची रास तशी दिसू लागली.

"वारा फिरलाय," चांगो म्हणाला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, खेकड्यांनी तळ पोखरलाय. तिसऱ्या दिवशी शेजारच्या धोंडीची नजर लागली म्हणून त्याने वाफ्याच्या काठावर लिंबू-मिरच्या टांगल्या. धोंडी बिचारा लहानपणापासूनचा मित्र. तो म्हणाला, "माजी नजर लागून काय व्हनार? मना तर जवलचाबी नीट दिसत नाय."

शेवटी चांगोने ठरवलं, दोष तळाचाच. आणि भर हंगामात, वाफ्यावाफ्यात मीठ धरलेलं असताना, त्याने आपला सगळ्यात चांगला वाफा उपसला. बापाने घातलेला तळ खणून काढला, खाडीची नवी माती आणली आणि बायको गंगू, मुलगी मालू, झालंच तर धोंडीलाही चिखल तुडवायला लावलं. पायांना भेगा पडल्या. मिठागरावरची माणसं लांबून बघत होती. घराला आग लागली असताना विहिरीचे कठडे रंगवणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच बघितला होता.

नव्या तळावर मीठ धरलं. चांगोने फळी ओढली. रास पुन्हा काळीच.

गंगू पाटी घेऊन उभी होती. बाईने पाटी डोक्यावर वाहायची आणि पुरुषाने फळी ओढायची, हा तिथला नियम. तिने पाटी खाली ठेवली, नवऱ्याच्या हातातली फळी काढून घेतली आणि त्याच वाफ्यात त्याच तळावरून तिने फळी ओढली. मीठ काठाला आलं. पांढरंशुभ्र.

"तळ चांगला हाय, मालूचे बापूस," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच चांगोला सोसेना.

त्याने आपल्या हाताकडे बघितलं. हात थरथरत होता. सकाळचा प्रसाद अजून व्हायचा होता ना! तो बांधापलीकडे गेला, देवाच्या दगडामागची बाटली काढली आणि आज देवाला टोपणभरही न देता घटाघटा प्याला. थोड्या वेळाने हात स्थिर झाला. चांगो त्या स्थिर हाताकडे बघत राहिला आणि घाबरला. हात त्याचा होता, पण हुकूम बाटलीचा मानत होता. देव पीत नव्हता. वारा, खेकडे, धोंडी, कुणाचाच दोष नव्हता. चांगो तिथे बांधावर बसून लहान मुलासारखा रडला.

रडून झाल्यावर त्याने शूरपणा केला. बाटली खाडीत भिरकावली आणि म्हणाला, "संपला. आजपासून बंद." पण दारूही सोयरीक तोडताना तमाशा करते. दुसऱ्या दिवशी त्याला दरदरून घाम फुटला, अंग हलू लागलं आणि घराच्या कुडावर खेकड्यांची वरात चालताना दिसू लागली. गंगूने वेळ घालवला नाही. धोंडीची बैलगाडी जुंपायला लावली आणि नवऱ्याला पनवेलला कमळाकर डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी तपासलं, खाटेवर निजवलं, सुई दिली. चार दिवसांनी खेकडे गेले आणि चांगोला भूक लागली. तेव्हा डॉक्टर खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले.

"चांगो, इतक्या दिवसांची दारू अशी घरच्या घरी एकदम सोडायची नसते. जिवावर बेततं. गंगूबाईंनी आणलं म्हणून वाचलात. हा आजार आहे, आणि आजाराला डॉक्टर लागतो."

"आजार?" चांगो उठून बसला. "म्हंजे मना रोग हाय?"

"हो."

"मी वाया गेलेला नाय?"

"नाही हो. आजारी आहात."

चांगोचा चेहरा उजळला. आपण नालायक आहोत हे त्याने मनाशी कबूल करून टाकलं होतं. रोग निघाला हे ऐकून त्याला लॉटरी लागल्यासारखं झालं. दवाखान्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगू लागला, "मना रोग हाय! मोठा हाय!" शेजारच्या खाटेवर पाय मोडलेला एकजण होता, तो बिचारा आपला पाय सांगायला लाजू लागला.

"रोग आहे, पण औषध घेणं तुमचं काम," डॉक्टर म्हणाले. त्यांनी गोळ्यांची बाटली गंगूच्या हातात दिली. "रोज सकाळी तुमच्यासमोर एक. ही गोळी पोटात असताना दारू प्याले तर असा त्रास होईल, की पुन्हा नाव काढणार नाहीत. आणि दर आठवड्याला मला येऊन भेटायचं. मोह झाला तर आठवड्याची वाट बघायची नाही, त्याच दिवशी यायचं."

"आनि देवाचा परसाद?" चांगोने हळूच विचारलं.

"देव क्षमा करील. गोळी करणार नाही."

गंगू किती दिवसांनी खळखळून हसली.

गावी आल्यावर मात्र तिने फळी दिली नाही. "हात तुमचा झाला की फळी तुमची. तवर पाटी उचला." आणि उरलेला हंगाम खाडीकाठाने कधी न बघितलेली गोष्ट बघितली. गंगू फळी ओढतेय, आणि मिशीवाला चांगो डोक्यावर चुंबळ ठेवून मिठाची पाटी वाहतोय. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. धोंडी ओरडला, "काय गं चांगूबाय, मान दुखली काय?" मान खरंच दुखत होती. पहिल्या पाचदहा पाट्यांतच चांगोला कळलं, की बायको इतकी वर्षं काय वाहत होती. त्या दिवसापासून तो तिचा तांब्या स्वतः भरून आणू लागला.

एकदा, फार उकडत होतं, जीव कासावीस झाला. पाटी टाकून चांगो तिवरांच्या झाडीकडे निघाला. डॉक्टर, गोळी, सगळं विसरला. भट्टीसमोर उभा राहिला तर तुळशीराम त्याच्या डोक्याकडे बघून पोट धरून हसायला लागला. चांगोने डोकं चाचपलं. चुंबळ तशीच होती! फडक्याचं ते वेटोळं बघून त्याला गंगू आठवली, दुखरी मान आठवली आणि त्यालाही हसू आलं. दोघं हसले. मग चांगोने चुंबळ नीट बसवली आणि माघारी फिरून तडक पनवेलची वाट धरली. डॉक्टरांना म्हणाला, "मोह झाला. आलो." डॉक्टरांनी त्याला चहा पाजला.

पुढच्या माघात मीठ धरलं. पहिल्या राशीचा दिवस. सगळं मिठागर बांधावर जमलं, कारण प्रसाद पुढे सगळ्यांच्या हातांतून फिरायचा. धोंडीने बाटली चांगोच्या हाती दिली आणि नजर खाली घातली. गंगूने फळी छातीशी धरली होती. गोळी त्याने सकाळी घेतली होती, पण गोळी माणसाचा हात धरत नाही, हे तिला ठाऊक होतं. वास तर तिच्यापर्यंत येत होता.

चांगोने बाटली दगडावर वाकडी केली. बारीक धार पडू लागली. नेहमी थांबायची तिथे थांबली नाही. हात हलला नाही. धार तशीच पडत राहिली, दगडाचा शेंदूर भिजला, बांधावरून ओघळ खाली गेला, आणि शेवटचा थेंबही पडला.

"आरं, आमचा परसाद!" धोंडी कळवळला.

"इतकी वर्सं देवाचा वाटा मीच खाल्ला," चांगो म्हणाला. तो हसत होता. "आज त्याला पुरी बाटली दिली. आता त्यो आनि तुळशीराम बघून घेतील. आमच्यात आजपासून नारळ."

हशा पिकला. त्या गडबडीत गंगू पुढे आली आणि तिने फळी त्याच्यासमोर धरली. चांगोने ती दोन्ही हातांनी घेतली, वाफ्यात उतरला आणि ओढली. बोटभर पाणी जरासं हललं. तळाला कळलंसुद्धा नाही.

गंगू राशीवर वाकली. काळा ठिपका शोधत कितीतरी वेळ बघत राहिली. मग डोळे पुसून सरळ उभी राहिली.

"बरा हाय," ती म्हणाली. "पन अर्ध्या वाफ्यांवर फळी माजीच."

आणि आपली चुंबळ तिने त्याच्या डोक्यावर ठेवली.